चार अक्षरं बघून बढती अडवता?

"पर्सनॅलिटी टेस्टला शास्त्रीय आधार थोडा कमी आहे, पण उपयोग होतोच ना!" हे वाक्य आता पुन्हा कोणी माझ्यासमोर बोललं तर मी मीटिंगमधून उठून जाणार आहे. उपयोग होतो म्हणजे नक्की कोणाला होतो? आणि नुकसान कोणाचं होतं, ते कधी मोजलंय?

ऐरोलीला आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी पर्सनॅलिटी टेस्टचं वर्कशॉप झालं. एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) या स्वभावाचा प्रकार सांगणाऱ्या प्रश्नावलीच्या धर्तीवरची टेस्ट, सोळा प्रकार, प्रत्येकाला चार अक्षरं. बाहेरून ट्रेनर आला, दुपारी सगळ्यांना बिर्याणी. तिथवर माझी काडीचीही तक्रार नव्हती. एरवी एकमेकांशी न बोलणारे लोक दिवसभर बोलले, चांगलंच झालं. पण नंतर एचआरने ती अक्षरं एक्सेल शीटमध्ये भरली आणि शीट सगळ्या मॅनेजरांना पाठवली. आणि यंदाच्या अप्रेझलला माझ्या टीममधल्या सगळ्यात भरवशाच्या मुलीची बढती अडली. कारण काय, तर "ती आय आहे, इंट्रोव्हर्ट. क्लायंटसमोर लीड म्हणून चालणार नाही."

अरे, चालणार नाही म्हणजे? गेल्या पावसाळ्यात सॉफ्टवेअरचा रिलीज फसला, रात्री दोनच्या कॉलवर क्लायंट अक्षरशः ओरडत होता, आमचे बोलघेवडे साहेब म्यूटवर गेले होते. त्या वेळी हीच मुलगी शांतपणे एकेक ओळ समजावून सांगत होती. दुसऱ्या दिवशी क्लायंटने तिचं नाव घेऊन आभाराची मेल पाठवली. ती मेल तिच्या फाइलमध्ये आहे. ती कोणी उघडली नाही, शीटमधली अक्षरं मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

आणि तिला तो 'आय' मिळाला कसा, तेही ऐका. प्रश्न असे होते: पार्टीत शेवटपर्यंत थांबता की लवकर निघता? सुट्टीच्या दिवशी लोकांना भेटायला आवडतं की घरी थांबायला? तिने प्रामाणिकपणे लिहिलं, लवकर निघते, घरी थांबते. निघणारच! ती कळव्याला राहते. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून कळवा, आणि पाळणाघर साडेसातला बंद. उशीर झाला की पाळणाघरवाल्या काकूंचं तोंड वाकडं. तिची सहा पन्नासची धावपळ या टेस्टने स्वभाव म्हणून नोंदवली. मूल सांभाळायला घरी माणसं असलेल्या पुरुषांनी "शेवटपर्यंत थांबतो" लिहिलं, ते सगळे 'ई' म्हणजे एक्स्ट्रोव्हर्ट झाले, नेतृत्वाला लायक झाले. याचा संताप येऊ नये तर काय व्हावं?

मी एचआरला विचारलं, ही टेस्ट आली कुठून माहीत आहे का? त्यांना माहीत नव्हतं. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगचं मानसिक प्रकारांवरचं पुस्तक १९२१ सालचं. ते वाचून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या दोघींनी प्रश्नावली रचली, तीच एमबीटीआय. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. हेतू वाईट नव्हता, महायुद्धाच्या काळात नव्याने कामाला लागणाऱ्या बायकांना जुळणारं काम मिळावं असं इझाबेलला वाटत होतं. पण शंभर टक्के अंतर्मुख किंवा शंभर टक्के बहिर्मुख माणूस नसतो, हे खुद्द युंगच सांगून गेलाय. बहुतेक लोक मधेच कुठेतरी असतात. टेस्ट त्या मधोमध रेघ मारते, आणि एका गुणाच्या फरकाने शेजारी शेजारी बसलेले दोघे दोन वेगळ्या जातीचे ठरतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा दिली की कितीतरी लोकांचं एखादं अक्षर बदलतं. काही अभ्यासांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत गेलंय. ज्याच्यावर बढती अडवायची ते महिन्याभरात बदलत असेल तर त्याच्यावर विसंबायचं कशाला? १९९१ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने तपासून सांगितलं की करिअरच्या सल्ल्यासाठी ही टेस्ट वापरावी इतका पुरावा नाही. अहो, ही टेस्ट विकणारी कंपनीसुद्धा म्हणते की नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नका! विकणारे नको म्हणतात आणि आमचे एचआरवाले वापरतात.

"पण वर्णन किती तंतोतंत जुळतं!" हा दुसरा मुद्दा. जुळणारच. १९४८ साली बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुझं' म्हणून वर्णन दिलं. सगळ्यांना एकच मजकूर, तोही स्टॉलवरच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी सरासरी पाचपैकी ४.२६ गुण दिले. "तुम्ही वरून शांत, पण आतून कधी कधी अस्वस्थ असता," हे ठाणे स्टेशनच्या पुलावरून जाणाऱ्या कोणालाही सांगा, तो मान डोलावेल.

ज्याला मोजायचंच आहे त्याच्यासाठी बिग फाइव्ह आहे. त्यात माणसाला खोक्यात न बसवता पाच स्वभावगुणांच्या पट्ट्यांवर बघतात, आणि त्यातल्या कामाच्या काटेकोरपणाचा नोकरीतल्या कामगिरीशी थोडाफार संबंध दिसलाय. थोडाफारच! त्यावरूनही एकट्या माणसाचं भवितव्य ठरवता येत नाही. आणि आमच्याकडे तर वर्षानुवर्षांचं प्रत्यक्ष काम समोर पडलंय, सोडवलेल्या तक्रारींची तिकिटं आहेत, मेल आहेत, कॉलची रेकॉर्डिंग आहेत. ते वाचायला वेळ लागतो. अक्षर वाचायला लागत नाही. हाच तो 'उपयोग'!

हे खूळ आता मुलांपर्यंत पोचलंय, त्याची मला जास्त भीती वाटते. घोडबंदर रोडला बोटांचे ठसे घेऊन मुलाने सायन्स घ्यावं की कॉमर्स ते सांगतात. माझ्या नणंदेने त्यासाठी हजारो रुपये मोजले आणि तिच्या चित्रं काढणाऱ्या पोराला तिथल्या लोकांनी सांगितलं, तुझ्या ठशात कला नाही. बोटाच्या ठशांवरून बुद्धी कळते याला कसलाही पुरावा नाही. ते पोर आता वही उघडत नाही.

पुढच्या महिन्यात लीडच्या जागांसाठी मुलाखती आहेत, मी पॅनेलवर आहे. ती शीट समोर आली तर मी बसणार नाही, आणि माझ्या टीममधल्या त्या मुलीची बढती कामावरून पुन्हा तपासा, असं मी एचआरला आणि साहेबांना मेलवर लेखी कळवलंय. सोबत क्लायंटची ती मेलही जोडली आहे.