माणूस हवाच, पण घाई नको

"यंत्रं पुरेशी आहेत, चंद्रावर पुन्हा माणूस पाठवणं ही उधळपट्टी" हा एका लेखात वाचलेला मुद्दा पटला नाही. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून हॅरिसन श्मिट हे भूवैज्ञानिक चंद्रावर उतरले. चालता चालता राखाडी धुळीत त्यांना नारिंगी माती दिसली आणि ते तिथेच थबकले. ती प्राचीन ज्वालामुखीतून उडालेल्या काचेच्या बारीक मण्यांची निघाली! अशी नजर यंत्राला अजून आलेली नाही. अपोलोच्या सहा मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीवर आजही संशोधन चालू आहे.

धास्ती वाटते ती घाईची. माणसाला पुन्हा चंद्रावर नेण्यासाठीच्या नासाच्या आर्टेमिस कार्यक्रमातल्या २०२२ च्या मानवरहित आर्टेमिस १ मोहिमेत परतताना ओरायन या यानाच्या उष्णतारोधक कवचाचे तुकडे अनपेक्षितपणे निघाले होते. चीनच्या आधी पोहोचायचं म्हणून असल्या गोष्टींवर पांघरूण घालू नये, त्यापेक्षा दोन वर्षं उशीर परवडला.