गणित सोडलं की बारावीचं सर्टिफिकेट ‘अपुरं’? खुलासा

पालकांच्या ग्रुपवर सध्या फिरतंय: “अकरावी सायन्सला गणित सक्तीचं आहे, सोडलं तर बारावीचं सर्टिफिकेट अपुरं धरतात.” साफ चूक.

राज्य मंडळात सक्तीचं आहे ते इंग्रजी; शिवाय पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण, त्यांची नुसती श्रेणी मिळते. गणित ऐच्छिक. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या जोडीला भूगोल घेणारी मुलं रीतसर पास होतात आणि गुणपत्रिकेवर ‘गणित नाही’ असा शेराबिरा येत नाही.

घोळ होतो तो पास होणं आणि पुढचा प्रवेश एकच धरल्यामुळे. इंजिनीअरिंगला गणित लागतं, मेडिकलच्या ‘नीट’ प्रवेश परीक्षेला नाही. बी.फार्म.ला (फार्मसीची पदवी) सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी ग्रुप, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी, चालतो. इंजिनीअरिंग आणि मेडिकल दोन्ही हाताशी असावं म्हणून गणित आणि बायोलॉजी धरून चारही विषय घ्यायला लावणार असाल, तर आधी मुलाला विचारा. क्लासवाले विचारणार नाहीत.

उलट बाजूनेही वाट आहे. बारावीला बायोलॉजी नसेल, तर ती नंतर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून पास होऊन ‘नीट’ देता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये तशी सूचना काढली आहे. कॉलेजात गणिताऐवजी कोणता विषय प्रत्यक्ष शिकवतात, ते मात्र फॉर्म भरण्याआधी ऑफिसात विचारून घ्या.