टुल्लू बंद ठेवून पाहिला

आज पहाटे सव्वापाचला नळ आले आणि मी टुल्लू, म्हणजे नळाच्या लाइनमधून पाणी खेचणारी छोटी मोटर, लावला नाही. बाहेरगावच्या लोकांना यात पोस्ट लिहिण्यासारखं काय आहे ते कळणार नाही, पण इंदूरच्या कुणालाही विचारा. आमच्या गल्लीत नळाच्या दिवशी गजर लावावा लागत नाही, पाच-दहाला एकाची मोटर घुर्र करते, मग शेजारच्याची, मग ओळीने सगळ्यांची, आणि ज्याला उशिरा जाग येते त्याच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. गेली बावीस वर्षं मीही त्याच ओळीत होते, हे आधीच कबूल करून टाकते म्हणजे मग कुणी टोमणा मारायला नको.

(हौदातलं पाणी वरच्या टंकीत चढवणारी मोटर वेगळी, तिचं काही पाप नाही. मी बोलतेय ती लाइनलाच थेट जोडलेल्या मोटरबद्दल. ती लावायची नसते हे सगळ्यांना माहीत आहे आणि ती जवळजवळ सगळ्यांकडे आहे.)

कारण सांगायला जास्त मागे जायला नको. डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आपल्याच शहरात, भागीरथपुऱ्यात, पिण्याच्या लाइनमधे ड्रेनेजचं पाणी मिसळलं. शेकडो लोकांना उलट्या-जुलाब, माणसं दगावली, आणि किती दगावली यावरून नंतर आकड्यांची जी ओढाताण झाली ती तर बघवतच नव्हती. आमच्या घरापासून भागीरथपुरा काही फार लांब नाही. त्या आठवड्यात मी रोज पाणी उकळून गाळून ठेवत होते, आणि भांडं गॅसवर ठेवून उभी असताना डोक्यात एकच, की आमच्या गल्लीची लाइन कुठून कुठे जाते हे मला माहीत आहे का? नाही. कुठे गटाराच्या शेजारून जाते, कुठे चेंबरच्या खालून, किती जुनी आहे, काही म्हणजे काही माहीत नाही. गल्लीत कचऱ्याची गाडी किती वाजून किती मिनिटांनी येते ते मात्र झोपेत सांगेन.

आणि आपलं शहर म्हणजे काय साधं आहे का. २०१७ पासून दरवर्षी स्वच्छतेत पहिला नंबर, इतका की शेवटी स्पर्धेतून वर काढून वेगळ्या लीगमधेच बसवलं. २०२१ साली देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर म्हणून सर्टिफिकेटही मिळालं. ते सांडपाण्यासाठी असतं, पिण्याच्या पाण्यासाठी नाही, हे मला स्वतःला या जानेवारीत कळलं. मला शहराचा अभिमान आहे, खरंच आहे, पुण्याचे पाहुणे आले की मी त्यांना पोहे-जलेबी खाऊ घालायच्या आधी रस्ता दाखवते. पण जे रस्त्यावरून दिसतं तेवढंच आपण घासलंय, हे आता मान्य करायला काय हरकत आहे?

तर टुल्लूचं. मुलगा म्हणाला आई तू एक मोटर बंद ठेवून काय होणार आहे, लीकेज दुरुस्त करणं निगमचं, म्हणजे महापालिकेचं, काम आहे. बरोबर आहे, त्यांचंच काम आहे, आणि ते त्यांनी केलंच पाहिजे, त्यावर माझं काही दुमत नाही. पण त्याला मी उसाच्या रसाचं उदाहरण दिलं. ग्लासात स्ट्रॉ घातलीस आणि स्ट्रॉला वर मधेच एक बारीक भोक असलं तर ओढल्यावर काय येतं, रस कमी आणि हवा जास्त. आता त्या भोकाभोवती हवेच्या ऐवजी गटाराचं पाणी उभं आहे असं समज. लाइन भरलेली असते, प्रेशर असतं, तेव्हा फुटक्या जागेतून पाणी बाहेर जातं. वाया जातं, पण निदान घाण आत येत नाही. लाइन रिकामी झाली की, किंवा आपण चाळीस घरांनी मिळून ती चोखायला लागलो की, उलटं होतं. भोक निगमचं, चोखणं आपलं. तो गप्प बसला. पटलं म्हणून की मीटिंग होती म्हणून, देव जाणे.

आणि लाइन रिकामी तर आपल्याकडे रोजच होते, कारण पाणीच एक दिवसाआड, तेही थोडा वेळ. माझे बाबा सांगायचे, १९७० मधे नर्मदेचं पाणी शहरात आणा म्हणून अख्खं इंदूर रस्त्यावर उतरलं होतं, बाबा तेव्हा कॉलेजात, मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा देऊन घरी आले आणि आजोबांनी वर आणखी झापलं. मग १९७८ साली पाणी आलं. खाली नर्मदेकाठच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, घाट चढवून पंपांनी वर आणलेलं पाणी! विजेचं बिल किती येत असेल विचार करा. म्हणून ते चोवीस तास नाही, हे मी समजू शकते. पण एक दिवसाआड पाण्याची किंमत फक्त बादल्या आणि पहाटेची झोप एवढीच नाही. एक म्हणजे ही रिकामी लाइन. दुसरी किंमत आमच्या घरात गेल्या ऑक्टोबरमधे वसूल झाली.

माझा भाचा इथे इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडेच राहतो. नवरात्र संपलं आणि त्याला ताप, एकशे तीन, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाला, कंबर तर धरलेली. दुसऱ्या दिवशी टेस्ट केली, एनएस-वन पॉझिटिव्ह, डेंगू. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही मूर्खासारखे खूश, मुगाची खिचडी, वर तूप, त्याच्या आईला फोन की बरा आहे गं. डॉक्टर म्हणाले, खरं सांभाळायचं ते आता! हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय, ताप उतरल्यावरचे दोन दिवस डोळ्यात तेल घालून बघायचे. पोट सारखं दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून रक्त, हातपाय गार, एकदम गळून जाणं, यातलं काहीही दिसलं की आधी हॉस्पिटल, मग फोनाफोनी. आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल, अंगदुखीसाठी घरात पडलेल्या त्या दुसऱ्या गोळ्या, ब्रुफेन, ॲस्पिरिन वगैरे अजिबात नाही, रक्तस्राव वाढतो. त्याच्या प्लेटलेट्स एक्केचाळीस हजारांपर्यंत उतरल्या. त्या दोन रात्री मी काय काय ऐकलं, पपईच्या पानांचा रस, किवी, आणि बकरीचं दूध, जे त्या आठवड्यात काय भावाने मिळत होतं ते विचारूच नका. कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही, पण आमचा पोरगा सलाइन, ओआरएस आणि दर चार तासांनी तपासणाऱ्या नर्सबाईंमुळे उठला.

पण सांगायचं ते पुढेच आहे. तो घरी आल्यावर मलेरिया विभागाची एक मुलगी आली, खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि एक पांढरी वाटी. मी जरा तोऱ्यातच, या या, बघा, आमच्याकडे सहा डबे आहेत, ओला सुका प्लास्टिक सगळं वेगळं. ती हसली, डब्यांकडे बघितलंच नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, आंटी, फ्रीज जरा पुढे ओढता का. फ्रीजच्या मागे खाली एक ट्रे असतो, बर्फाचं पाणी गळून त्यात साठतं. बावीस वर्षांत तो ट्रे मी किती वेळा काढला असेल? विचारू नका. तिने त्यातलं पाणी वाटीत ओतलं आणि टॉर्च मारली. अळ्या. डोकं खाली, शेपूट वर, पाण्याला लटकलेल्या, वाटी जरा हलली की वळवळ वळवळ करत तळाशी. मला तर पांढऱ्या वाटीकडे बघवेना. मग ती हौदावर गेली, झाकण होतं पण एका बाजूने चार बोटं उघडं, पाइप आत जातो ना तिथे. मग कूलर. कूलर मी आठवड्याने रिकामा करते हो, असं मी म्हटलं. ती म्हणाली, रिकामा करता, घासता का? अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात, काजळीच्या ठिपक्यांसारखी, आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पुन्हा पाणी लागलं की फुटतात. पाणी ओतून दिलं की आपल्याला वाटतं झालं. घासणीने चारी बाजू घासल्या नाहीत तर काहीच झालेलं नसतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा.

हा डास दिवसा चावतो आणि फार लांब उडतही नाही, काही शे मीटर, म्हणजे भाच्याला चावलेला डास एकतर माझ्या घरचा नाहीतर शेजारच्यांचा, भोपाळहून आलेला नव्हे. आणि तरी आम्ही काय केलं, तर पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, फोन करून धुराची गाडी मागवली. गाडी आली, गल्ली पांढरी झाली, पोरं मागे पळाली, सगळ्यांना बरं वाटलं. धुराने उडणारे डास मरतात, फ्रीजच्या मागच्या ट्रेमधल्या अळीला त्याचं काय.

मला यात चिडायला होतं ते हे की ज्या गावाला एवढा कचरा वेगळा करायला जमला, त्याला हे जमणार नाही असं कसं. आठवतंय ना दहा वर्षांपूर्वी कोपऱ्याकोपऱ्यावर पेट्या होत्या, त्यांच्याभोवती गाई, आणि आपण लांबूनच पिशवी भिरकवायचो. आज देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस बनतो, रोज साडेपाचशे टनांचा प्लांट आहे. शिकलोच ना? पण शिकलो कसं, तर गाडी दारात येते, ती रोज येते, आणि शेजारणीला आपली बादली दिसते. कूलर कुणाला दिसतो? हौदाच्या आत कोण वाकून बघतं? नंबर द्यायला येणारी टीम काही माझा फ्रीज ओढणार नाही.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते, ती माहीत असणारे इंदूरकर कमीच असतील. १९१७ साली इथे प्लेग होता, होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेडेस नावाच्या स्कॉटिश माणसाला नगररचनेसाठी बोलावलेलं. त्याने साहेबी फतवे काढले नाहीत. तो म्हणाला मला एक दिवसाचा महाराजा करा. दिवाळीत मिरवणूक काढायची, आणि ती जाणार कुठल्या रस्त्याने, तर जिथे सगळ्यात जास्त घरं साफ-दुरुस्त झाली असतील त्या रस्त्याने. झालं, लागले ना लोक घरं घासायला. आपल्या दाराशी मिरवणूक नको का यायला! मिरवणुकीत प्लेगचा हा भला मोठा उंदीर, हिवतापाचे मोठाले डास, घाणीचा राक्षस, आणि त्यांच्या मागे पांढऱ्याशुभ्र कपड्यात नवे झाडू घेतलेले सफाई कामगार, मानाने. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. १९१८ मधे त्याचा रिपोर्ट छापला गेला, अजून वाचला जातो. मला त्यातली हुशारी ही वाटते की त्याने घराच्या आतली घाण रस्त्यावर आणून दाखवली, बघा हा उंदीर, हा डास. आज आपण नेमकं उलटं करतो, रस्ता दाखवतो आणि आतलं झाकतो.

आपल्याला आता तसा महाराजा कुठून मिळणार. पण निगमने निदान प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक फळा लावावा, या लाइनचं पाणी कधी तपासलं, क्लोरीन किती निघालं. नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरायला हवं. ब्लीचिंगचा जरासा वास आला की आपण नाक मुरडतो ना, मी आता वास नाही आला की नाक मुरडते. मुरडून काय होतं, ते सोडा.

मी एवढंच करतेय. मंगळवारी कूलर आणि फ्रीजचा ट्रे, घासणीने. हौदाच्या झाकणाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय, दिसतं भयाण पण चार बोटांची फट बंद. नळ आले की पहिल्या दोन बादल्या फरशीला आणि झाडांना, पिण्याच्या नाही. पिण्याचं उकळून, चांगलं खळखळून एक मिनिट. आणि आजपासून टुल्लू बंद.

तर निकाल ऐका. नेहमी वीस मिनिटांत भरणारा हौद आज पाऊण तासात अर्धाच भरला. हे पेपर वाचता वाचता वर न बघता म्हणाले, कपडे मग पावसाच्या पाण्यात धुवायचे का, मृग लागतोय. सहा वाजता समोरच्या वहिनी फाटकाशी. "ताई, मोटर जळली का तुमची? आवाज नाही आला." म्हटलं नाही हो, बंद ठेवलीय, आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांना सगळं सांगितलं, स्ट्रॉ, भोक, भागीरथपुरा, सगळं. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं.

"तरीच!" म्हणाल्या, "आज आमचा हौद दहा मिनिटं आधी भरला. परवाही बंदच ठेवणार ना?"