बिनकामाचे पाखरू

खटाव तालुक्यात जन्मलेल्या माणसाने पाणी कमी व्हावे अशी इच्छा मनात धरणे हे किती मोठे पाप आहे, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे. आमच्याकडे मुलीसाठी स्थळ पाहायला जाणारी माणसे आधी विहिरीत डोकावत आणि मग मुलाकडे बघत. अशा तालुक्यात, आणि ज्या घरातल्या आजोबांनी 1972 च्या दुष्काळात कामावर जाऊन खडी फोडली त्याच घरात बसून, मी गेली तीन वर्षे दर हिवाळ्यात हे पाप करतो आहे.

पापाचे मूळ एका पक्ष्यात आहे. रोहित, ज्याला कोणी अग्निपंख म्हणतात आणि वर्तमानपत्रे न चुकता फ्लेमिंगो म्हणतात, तो हिवाळ्यात आमच्या भागात येतो. पूर्वीपासून मायणीच्या तलावाची त्यासाठी ख्याती होती आणि येरळवाडीच्या जलाशयावरही तो उतरतो. हा उंच पायांचा पाहुणा उथळ पाण्यात उभा राहतो, मान खाली सोडतो, चोच उलटी करून चिखल ढवळतो आणि त्यातले शेवाळ व बारीकसारीक जीव गाळून खातो. म्हणजे त्याच्या पोटापाण्याचा सगळा प्रश्न त्याच्या पायांच्या लांबीवर येऊन ठेपतो. पाणी उतरून काठाला चिखल उघडा पडला की त्याची पंगत बसते. पाणी पुरुषभर असले की तो वरच्या वर पाहून दुसरे घर गाठतो. त्यामुळे पाऊस चांगला झाला की आमच्या घरात पेढे वाटले जातात आणि माझ्या वहीत भोपळा पडतो. त्यातच आता जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी नेरच्या तलावात येते आणि तिथून येरळा नदीत सुटते. ते पाणी पहिल्यांदा आमच्या शिवारापाशी आले, त्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नदीवर जाऊन नारळ फोडला. मीही शेजारी उभा राहून हात जोडले. पण हात जोडताना माझ्या मनात कोणता हिशेब चालला होता हे त्यांना कळले असते, तर दुसरा नारळ फोडण्यासाठी त्यांना दगड शोधावा लागला नसता.

हा छंद मला पक्षी सप्ताहात जडला. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि 12 नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा जन्मदिवस, म्हणून आपल्या राज्यात हे आठ दिवस पक्ष्यांच्या नावाने राखून ठेवलेले आहेत. मी नोकरीनिमित्त साताऱ्यात राहतो. तिथे त्या आठवड्यात एक व्याख्यान ऐकले आणि त्या भरात एक दुर्बीण विकत घेतली. तिची किंमत मी बायकोला निम्मी सांगितली. बायकोने आईला सांगताना त्याची निम्मी केली आणि आईने आबांच्या कानावर घालताना आणखी निम्मी केली. परिणामी आबांच्या लेखी ती दुर्बीण साधारण एका चांगल्या खुरप्याच्या किमतीची आहे आणि ते ती त्याच बेताने हाताळतात.

शनिवारी दुपारी मी एसटीने वडूजला उतरतो आणि थोरल्या भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून वस्तीवर येतो. आल्या आल्या माझी पिशवी उघडली जाते. पण ती मी आणलेल्या कंदी पेढ्यांसाठी नव्हे. दादाला विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतला दिवा लागला आहे की नाही हे सोप्यातून उठायचा त्रास न घेता पाहायचे असते. वहिनीला फाट्यावर शाळेची गाडी आली का ते बघायचे असते. आई तर पलीकडच्या वस्तीवर कोण पाहुणे उतरले आणि त्यांच्या हातात किती पिशव्या आहेत, एवढे पाहून दुर्बीण लगेच खाली ठेवते. ‘दुसऱ्याच्या घरात वाकून बघू नये’ असे तिचे तत्त्व आहे. या सगळ्यांचे आटोपून दुर्बीण माझ्या हाती येते तेव्हा ऊन कलून दिसेनासे होत आलेले असते, आणि पक्षी आपापल्या झाडावर जाऊन बसलेले असतात. आबांनी मात्र पहिल्याच दिवशी ती शाळूच्या रानाकडे रोखली आणि बराच वेळ खाली केली नाही. “हिच्यातनं आठपट मोठं दिसतं,” असे मी अभिमानाने सांगितले. आबा म्हणाले, “मग ही त्या व्यापाऱ्याला दे. माल बघताना त्याच्या डोळ्याला लाव म्हणावं.”

आबांची पक्षीविषयक जाण कमी आहे असे कोणी समजू नये. त्यांचे स्वतःचे वर्गीकरण आहे आणि ते माझ्या पुस्तकातल्यापेक्षा बरेच सुटसुटीत आहे. त्यांच्या मते जगात चारच प्रकारची पाखरे आहेत: कणसे खाणारी, कोंबडीची पिल्ले नेणारी, पाऊस सांगणारी आणि बिनकामाची. भोरडी पहिल्या वर्गात, घार दुसऱ्यात. तिसऱ्या वर्गाला घरात मान आहे. पावशा आणि टिटवी त्यात येतात, कारण टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस दांडगा होतो, असा त्यांचा विश्वास आहे आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्याला ते हवामान खात्याचे अंदाज आठवून द्यायला लावतात. उरलेले सगळे पक्षी, म्हणजे ज्यांच्यासाठी मी पहाटे साडेचारला उठतो ते धोबी, थिरथिरे, भोवते, चक्रवाक आणि खुद्द रोहित, चौथ्या वर्गात जातात. मी त्यांची कड घेऊन बोलू लागलो की आबा माझ्याकडे अशा नजरेने पाहतात की चौथ्या वर्गात आणखी एका जिवाची नोंद झाली आहे हे मला समजते.

या वर्गीकरणाचा पहिला तडाखा मला पौषात बसला. शाळूची कणसे दुधात भरली होती, हुरडा चार दिवसांवर आला होता आणि भोरड्यांचे थवे उतरू लागले होते. भोरडी हा मला अतिशय आवडणारा पक्षी आहे. काळे डोके, गुलाबी अंग, आणि मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून इथवर केलेला प्रवास. हजारभर भोरड्या हवेत एकदम वळतात तेव्हा आभाळात कोणी चादर झटकल्यासारखे वाटते. हे वर्णन मी शनिवारी रात्री शेकोटीपाशी सगळ्यांना ऐकवले आणि तिथेच माझा घात झाला. आबांनी शेणीचा तुकडा आगीत सरकवत शांतपणे विचारले, “तुला पाखरं बघायची लई हौस हाय न्हवं? मग उद्या सकाळी माळ्यावर बस. गडी आला न्हाय.”

तेव्हा मी रविवारी पहाटे, कानटोपी घालून आणि अंगावर घोंगडे घेऊन, शाळूच्या मधोमध चार मेढींवर उभ्या असलेल्या माळ्यावर चढलो. माझ्या गळ्यात दुर्बीण होती आणि हातात गोफण. पक्षिप्रेमी मनुष्याला पाखरे राखायला बसवणे म्हणजे काय, हे त्या सकाळी मला कळले. धुके निवळले, उगवतीकडून पहिला थवा आला आणि माझ्या समोरच उतरला. मी दुर्बीण लावली. पिसांवरची तकाकी दिसत होती, चोचीतला कोवळा दाणादेखील दिसत होता. मी मोजणी सुरू केली. अडीचशेपर्यंत पोहोचलो तेव्हा बांधावरून आबांची आरोळी आली, “आरं, हाण की! मोजतुयास काय? जेवाय बोलावल्यात का त्यांना?”

मी गोफण फिरवली. गोफणीला एक कसब लागते; दोर योग्य वेळी सोडला नाही तर गुंडा कुठे जाईल हे देवाला ठाऊक. माझा गुंडा पाठीमागे गेला आणि पाणी प्यायला निघालेल्या आमच्याच म्हशीच्या पुढ्यात पडला. म्हैस उधळली, तिच्यामागे मोती भुंकत धावला, मोतीमागे पुतण्या धावला आणि या गलक्याने सगळा थवा एका झटक्यात उडाला. आबांना निकाल पटला, रीत पटली नाही. दुपारी जेवताना मी त्यांना समजावून सांगितले की भोरडी आपल्या मुलखात टोळांवर तुटून पडते आणि इथेही पुष्कळ किडे खाते, तेव्हा ती शेतकऱ्याची मित्रच आहे. आबांनी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. “किडं खाऊ दे की तिला. मी कुठं नगं म्हणतुया? पर मग कणसाला तोंड कशापायी लावती?” याला उत्तर पुस्तकात नव्हते. आई मध्येच म्हणाली, “तिलाबी कोरड्यासाबरोबर भाकरी लागत आसंल.” माझ्या बाजूने त्या घरात आजवर एवढे एकच वाक्य बोलले गेले आहे.

पाखरांचा नाद सोडून रात्रीचे प्राणी पाहावेत असे मग मी ठरवले. आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात दादा मध्यरात्रीनंतर गव्हाला पाणी द्यायला जातो. वन्यप्राणी पाहण्यासाठी लोक जंगलात जाऊन जीप भाड्याने घेतात. दादा हातात खोरे आणि कपाळाला बॅटरी बांधून वर्षानुवर्षे फुकट पाहत आला आहे. मी त्याच्याबरोबर निघालो. दारे धरण्याचे काम लांबून सोपे दिसते. प्रत्यक्षात एका वाफ्याचे दार मोडून दुसऱ्याचे लावेपर्यंत पाणी तिसरीकडेच निघते, आणि पौषातल्या पहाटेचे ते पाणी चपलेत शिरले की पाय आपले आहेत ही भावना हळूहळू नाहीशी होते. मी अडीच तास बांधावर उभा राहिलो. माझ्या नोंदवहीत त्या रात्रीची नोंद आहे: एक बेडूक, तोही बहुधा झोपेत.

परत येताना दादा सहज म्हणाला, “मगाशी खोकड गेलं बघ, तुझ्या मागनं. त्याच्या आदी रानमांजर हुतं पाटाच्या कडंला. आन् पिंगळा तर तुझ्या डोस्क्यावरच्याच बाभळीवर बसला हुता.” मी अंधारात जागच्या जागी थांबलो. सांगितले का नाहीस, असे मी विचारले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, “तू मोबाईलमधी काय तर बघत हुतास. म्हटलं, कामात आसशील.” मी त्या वेळी मोबाईलवर पिंगळ्याचा आवाज ऐकत होतो.

शेवटी जानेवारीच्या अखेरीस मी येरळवाडीला एकट्याने जायचे ठरवले. एकट्याने हा शब्द मी दोनदा उच्चारला होता. पहाटे पाच वाजता अंगणात आलो तर दादाचा पिकअप चालू होता आणि त्यात आई, आबा, वहिनी, माझी बायको, तिघे मुले, आजारपणातून उठलेली आत्या, एक घमेले, भाकऱ्यांचे गाठोडे आणि मोती एवढा ऐवज भरलेला होता. पक्षी पाहायला जाताना मातकट रंगाचे कपडे घालावेत, असे व्याख्यानात सांगितले होते; आईने लालभडक शाल घेतली होती, कारण ‘चार माणसांत जायचं म्हंजी बरं दिसाय पायजे.’ बोलू नये, असेही सांगितले होते. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

धरणावर पोहोचलो तेव्हा धुके पाण्यावरून उठत होते. पलीकडच्या काठाला चक्रवाकांची एक जोडी होती, त्यांचा तो कण्हल्यासारखा आवाज आला आणि आत्या म्हणाली की कोणाचे तरी पोर रडते आहे. थापट्यांचे एक टोळके मध्यावर तरंगत होते. मोतीने पाण्यात उडी मारेपर्यंत एवढे पाहून झाले. रोहित एकही नव्हता, आणि का नव्हता हे डोळ्यांना दिसत होते: पाणी काठाच्या बाभळींच्या खोडाला लागले होते, चिखल कुठे बोटभरसुद्धा उघडा नव्हता. गेल्या वर्षी याच सुमारास मला जिथे सतरा रोहित दिसले होते, तिथे आता दादा बुडाला असता.

आबांनी दुर्बीण मागितली. ती त्यांनी डोळ्यांना लावली आणि धरणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इतक्या सावकाश फिरवली की मी माझ्या आवडत्या पक्ष्यावरूनही ती कधी तशी फिरवलेली नाही. मध्येच थांबून त्यांनी नळीचे चाक स्वतःहून फिरवून नजर नीट केली. आईने भाकरी हातात दिली, ती त्यांनी न बघताच धरली. त्या भिंगातून त्यांना नुसते पाणी दिसत होते, आणि ते आठपट दिसत होते.

“काय दिसतंय, आबा?” मी विचारले.

“भरलंय,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर दुर्बीण त्यांच्याच गळ्यात होती. फाट्यापाशी आल्यावर ते मागे वळून मला म्हणाले, “पुढल्या महिन्यात परत एकदा येऊ. पाणी किती उतरलं ते बघाय पायजे.”

“हो, बघायलाच पाहिजे,” मी म्हणालो, आणि आवाजात काळजी आणण्याचा पुष्कळ प्रयत्न केला.