रिपोर्टमध्ये एकही रीडिंग नाही

आज आमच्या शॉपमध्ये शिकायला आलेल्या, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाचा इंटर्नशिप रिपोर्ट सहीसाठी टेबलावर आला आणि डोकं फिरलं. स्पायरल बाइंडिंग, रंगीत कव्हर. आत कंपनीचा इतिहास, व्हिजन-मिशन, फाइव्ह एसची (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत) व्याख्या, कायझेनची (थोडी थोडी सतत सुधारणा) व्याख्या, लेथचे प्रकार. आणि शेवटी आभार. अख्ख्या रिपोर्टमध्ये त्याने स्वतः मोजलेला एक आकडा नाही.

राग मुलावर नाही. उलट ह्या मुलाने जे केलं ते पुण्याजवळच्या भोसरीच्या कारखान्यांतल्या कितीतरी पगारी इंजिनिअरांना सुचत नाही, म्हणून तर एवढा राग येतोय.

सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशिनवर, बिडाचं हाउसिंग (बेअरिंग धरून ठेवणारा नग) चालतं. त्यात बाहेरून 62 मिलिमीटरचं 6206 बेअरिंग बसतं, म्हणजे त्याचं भोक, बोअर, 62 एच7. ड्रॉइंगप्रमाणे 62.000 ते 62.030, तीस मायक्रॉनची (मिलिमीटरचे हजारावे भाग) जागा, हा टॉलरन्स, बस्स. दुपारनंतर काही नगांचे बोअर मोठे निघायचे. असं हाउसिंग पुढे गेलं तर बेअरिंगची बाहेरची रिंग आत फिरायला लागते आणि गिऱ्हाइकाकडून माल परत येतो. सगळे इन्सर्टवर, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या टोकावर, खापर फोडायचे. अहो, इन्सर्ट झिजला तर कमी कापतो, बोअर लहान होतो, मोठा कसा होईल? एवढंही कुणी थांबून बघितलं नाही.

ह्या मुलाने खिशातल्या वहीत वेळ आणि रीडिंग लिहायला सुरुवात केली. नग काढला की लगेच मोजायचा नाही, सरफेस प्लेटवर (मोजमापाची सपाट फरशी) मास्टर रिंगच्या (गेज जुळवायची अचूक मापाची रिंग) शेजारी ठेवायचा, दोन्ही एका तापमानाला आले की मगच बोअर गेज लावायचा. हे महत्त्वाचं आहे. बिडाचा नग रिंगपेक्षा वीस अंशांनी गरम असेल तर 62 चा बोअर साधारण 13 मायक्रॉन मोठा दिसतो. म्हणजे जवळजवळ अर्धा टॉलरन्स नुसत्या उष्णतेने खाल्ला.

चार-पाच दिवसांच्या नोंदींत चित्र स्पष्ट झालं. सकाळपासून चाललेली मशिन जेवणाच्या सुट्टीपर्यंत 62.016 च्या आसपास स्थिर. सुट्टीत मशिन बंद. अर्ध्या तासात स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) आणि बॉलस्क्रू (अ‍ॅक्सिस सरकवणारा स्क्रू) थंड होऊन आखडतात, पण ऑफसेट (हत्याराच्या जागेची कंट्रोलमध्ये भरलेली दुरुस्ती) गरम मशिनला जुळवलेला तसाच राहतो. सुट्टीनंतरचा पहिला नग 62.003. ऑपरेटर घाबरून वेअर ऑफसेटमध्ये (झिजेसाठीची बारीक दुरुस्ती) 15 मायक्रॉन वाढवतो. तासाभरात मशिन पुन्हा तापते, ते आखडलेले 13 मायक्रॉन परत येतात, वर ऑपरेटरचे 15, आणि बोअर 62.031. नग भंगारात.

इन्सर्ट नाही, ऑपरेटर नाही, जेवणाची सुट्टी! उपायही त्यानेच सुचवला: सुट्टीत स्पिंडल आणि अ‍ॅक्सिस वॉर्म-अप प्रोग्रॅमवर रिकामे चालू ठेवायचे, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या नगावर ऑफसेटला हात लावायचा नाही.

आणि हे रिपोर्टमध्ये का नाही? विचारलं तर म्हणाला, "सर, फॉरमॅटमध्ये बसत नव्हतं." कॉलेजने चॅप्टर ठरवून दिलेत, पानं ठरवून दिलीत, मार्जिनसुद्धा ठरवून दिलंय. वहीतल्या रीडिंगला चॅप्टर नाही.

संताप येतो हो. चार वर्षं मेट्रॉलॉजी, मोजमापाचं शास्त्र, शिकवता, टॉलरन्सची गणितं पाठ करून घेता, आणि पोरगं खऱ्या मशिनवर खरं मेट्रॉलॉजी करून आलं की त्याला लेथच्या प्रकारांवर पान भरायला लावता? व्हायव्हाला त्याला काय विचारणार? कंपनीची स्थापना कधी झाली?

कॉलेजच्या मास्तरांकडे एकेकाला ढीगभर मुलं असतात, सगळ्यांचे रिपोर्ट वाचायचे तर फॉरमॅट लागतोच, हे मान्य. आणि दोष एकट्या कॉलेजचा नाही.

कारण कंपन्याही कमी नाहीत. पहिला आठवडा इंडक्शन, दुसऱ्या आठवड्यात स्टोअर, तिसऱ्यात क्वालिटी, चौथ्यात डिस्पॅच. सगळीकडे फिरला, कुठेच थांबला नाही. नाहीतर दुसरं टोक: ऑपरेटर आला नाही, लाव पोराला डिबरिंगला, कापलेल्या धारेवरची बर (धातूची कुसळं) घासायला. दिवसभर हातात फाईल, समोर नगांचा ढीग. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या मुलाला निदान लेखी करार असतो, स्टायपेंड ठरलेला असतो. कॉलेजच्या पत्रावर आलेल्या मुलाच्या हातात तेवढंही नसतं, म्हणून त्याला कसाही वापरायचा? डिबरिंग शिकण्यासारखं नाही असं मी म्हणत नाही. एक दिवस कराच, कुठल्या धारेवर बर येते आणि का येते ते बोटाला कळतं. पण महिनाभर?

त्या मुलाला वहीचा धडा कुणी दिला ते सांगतो. मशिन जुळवून देणाऱ्या सेटर काकांनी. शिक्षण आयटीआय. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या हातात बोअर गेज दिलं आणि सांगितलं, गेज हलवून बघ, काटा जिथून उलटा फिरतो तेच खरं रीडिंग. आणि काटा घड्याळाच्या दिशेने शून्याच्या पुढे गेला तर बोअर लहान आहे, मोठा नाही. नवीन पोरं इथेच फसतात, प्लस समजून ऑफसेट उलटा देतात. दुसरी गोष्ट फानुक कंट्रोलची, म्हणजे मशिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची: वेअरमध्ये आधीच 0.080 असेल आणि 0.020 वाढवायचे असतील तर 'प्लस इनपुट' दाबायचं. नुसतं 'इनपुट' दाबलं की जुना आकडा पुसून 0.020 होतो आणि पुढचा बोअर साठ मायक्रॉन लहान. तो निदान पुन्हा कापता येतो. पण वेअर उणे असेल आणि हीच चूक झाली तर बोअर मोठा होतो, नग गेला. काकांनी हे आकडे घालून दोनदा दाखवलं आणि मग मुलाला स्वतः करू दिलं, स्वतः शेजारी उभे राहून. मुलाने बाहीचं बटण लावलेलं नव्हतं, तर आधी ते लावायला सांगितलं. हातमोजे काढायला लावले, नग धरून फिरणाऱ्या चकजवळ हातमोजा हात ओढून नेतो म्हणून. असा माणूस शेजारी मिळाला तर पोरगं कुठल्याही कॉलेजचं असो, शिकतंच.

रिपोर्टवर सही केलेली नाही. मुलाला सांगितलंय की वहीच्या पानांच्या झेरॉक्स, वेळ-रीडिंगचा ग्राफ आणि सुट्टीच्या आधी-नंतरचे आकडे जोड, फाइव्ह एसची पानं काढलीस तरी चालेल. कॉलेजने हरकत घेतली तर मला फोन करायला सांग, मी बोलतो.

ज्यांच्या शॉपमध्ये यंदा मुलं येणार आहेत, त्यांना एवढंच करायचंय: एक मशिन, एक पार्ट, त्या पार्टचं ड्रॉइंग, एक गेज आणि त्याचा मास्टर. निदान तीन आठवडे तिथून हलवू नका. रोज संध्याकाळी दहा मिनिटं वही बघा. आणि शेजारी उभा राहणारा सेटर कोण, त्याचं नाव मुलगा यायच्या आधी ठरवा. त्याच्या शिफ्टच्या टार्गेटमधून तेवढे नग कमी करा, नाहीतर तो शिकवणार कधी?