बॅट म्हणायचं आणि बॅटकॅट लिहायचं

बॅट नावाचं एक देखणं टूल आहे. फाइल उघडली की रंगीत अक्षरं, ओळींना नंबर, असा सगळा थाट. डेबियन या लिनक्स प्रणालीवर ते हौसेने इन्स्टॉल करावं, कमांड द्यावी, तर उत्तर येतं की अशी कमांडच नाही. अरे, आत्ता तुझ्यादेखत टाकली ना? मग शोधाशोध केल्यावर कळतं की इन्स्टॉल करायच्या पॅकेजचं नाव बॅट, पण कमांड मात्र बॅटकॅट. कारण बाक्युला नावाच्या बॅकअप प्रणालीच्या एका प्रोग्रॅमने बॅट या नावावर आधीच रुमाल टाकून ठेवलाय. आमच्या अख्ख्या मजल्यावर बाक्युला कुणी वापरत नाही. पण एसटीत रुमाल कुणाचा हे विचारायची पद्धत नाही. तो दिसला की आपण उभं राहायचं.

एफडीचं दुखणं तेच. फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडची चार रोमन अक्षरं टाइप करायचा कंटाळा म्हणून माणूस दोन अक्षरांच्या एफडीकडे जातो. तिथे एफडीक्लोन हा जुना फाइल मॅनेजर आधीच बसलेला. म्हणून डेबियनवर लिहायचं एफडीफाइंड. चाराची दोन करायला गेलो आणि पदरात सहा पडली.

डेबियनचा याबाबतचा नियम मोठा कडक आहे. वेगळं काम करणारे दोन प्रोग्रॅम एकाच नावाने नांदू शकत नाहीत. पॅकेजं सांभाळणाऱ्या मेंटेनरांनी एकमेकांशी बोलून कोण नाव बदलणार ते ठरवायचं. नाहीच जमलं, तर दोघांनीही बदलायचं! नियम वाचताना मला फार आवडला होता.

नोडचं प्रकरण तर थेट डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेलं. एकीकडे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोडजेएस, ज्याची कमांड नोड आणि ज्याच्यामागे जगभरचे जावास्क्रिप्टवाले. दुसरीकडे हौशी रेडिओवाल्यांचा पॅकेट रेडिओसाठीचा, म्हणजे रेडिओवरून डेटा पाठवण्यासाठीचा नोड, डेबियनमध्ये कितीतरी आधीपासून असलेला. रेडिओवाले संख्येने मूठभर, पण त्यांच्या कॉन्फिगरेशन फाइलींत ते नाव लिहिलेलं. 2012 साली समितीने दोघांनाही जागेवरून उठवलं. एकाला नोडजेएस ही कमांड मिळाली, दुसऱ्याला एएक्स25-नोड. जगातल्या स्क्रिप्टा नोड म्हणून हाक मारणार हे समितीलाही माहीत होतं, म्हणून नोडजेएस-लेगसी असं एक जोडपॅकेज दिलं, ज्यात मुख्य ऐवज काय, तर एक सिमलिंक, म्हणजे नोड या नावावरून नोडजेएसकडे बोट दाखवणारी फाइल. नोडजेएस तेव्हा धड तीन वर्षांचं होतं आणि त्याच्या नावापुढे लेगसी, म्हणजे जुन्या काळचं, असं लागलं! पुढे 2017 मध्ये समितीने तो निर्णय मागे घेतला आणि नोडजेएसला नोड हे नाव मिळालं. माझं मत विचाराल तर मी रेडिओवाल्यांच्या बाजूने. आधी आलेल्याला केवळ डोकी कमी म्हणून उठवायचं नाही, हा हट्ट मला पटतो. फक्त तो माझ्या कीबोर्डवर आला की पटत नाही.

पण यार्नइतका छळ कुणी केला नाही. डेबियनवरूनच निघालेल्या उबुंटूवर यार्न टाइप करा. ते नसेल तर उबुंटू अगत्याने सुचवतं की सीएमडीटेस्ट टाका, त्यात यार्न आहे. आणि असतंही! फक्त ते जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणारं यार्न नव्हे, कमांडच्या चाचण्या घेणारं दुसरंच. ते चालवलं की आपल्यालाच दरडावतं की तुमच्याकडे चाचणीचा एकही सिनॅरिओ नाही, निदान एक तरी हवा. डेडलाइन डोक्यावर असताना ‘सिनॅरिओ नाही’ हे मशीनकडून ऐकून घ्यायचं म्हणजे अतीच झालं.

यावर उपाय अर्थात आहे: एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव. बॅट म्हणजे बॅटकॅट, एफडी म्हणजे एफडीफाइंड, असं बॅशआरसी या आपल्या सेटिंगच्या फाइलीत लिहून ठेवलं की घरात शांतता. पण रात्री क्लायंटच्या सर्व्हरवर लॉगिन केलं की तिथे आपली बॅशआरसी नसते.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या पोराने जुने लॉग साफ करणारं एक टूल लिहिलं. “सर, नाव काय देऊ? दोन अक्षरी सगळी गेलीत.”

“मराठी दे. केरसुणी.”

कुठल्या पॅकेजात कुठली फाइल आहे ते सांगणाऱ्या ॲप्ट-फाइलमध्ये शोधलं, कुणाचाही रुमाल नव्हता. मग टीममध्ये वाद सुरू झाला की रोमनमध्ये ‘आर’नंतर ‘ए’ घालायचा का, आणि शेवटी ‘आय’ की दोन ‘ई’. आता तीन स्पेलिंगांच्या सिमलिंक आहेत, आणि नागपूरचा एक जण चौथी मागतोय.