लिटल मोरटन हॉल आरमाराच्या लाकडाचा नाही

इंग्लंडमधल्या लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरांबद्दलचा एक संदेश सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. सोबत चेशर परगण्यातल्या लिटल मोरटन हॉलचा फोटो आहे. खंदकाच्या पाण्यात उभं असलेलं, काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं, वेडंवाकडं दिसणारं तिमजली घर. मजकूर थोडक्यात असा: १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून आलेल्या आणि परतताना फुटलेल्या स्पॅनिश आरमाराच्या, म्हणजे युद्धनौकांच्या ताफ्याच्या, लाकडातून ही घरं बांधली, काळापांढरा रंग तेव्हापासूनचाच, वरचे मजले पुढे काढले ते जमिनीवरचा कर चुकवायला, आणि घरं वाकली, कारण त्या सुतारांना बांधकाम कळत नव्हतं. चारही विधानं चुकीची आहेत. त्यातलं चौथं मला सर्वांत जास्त खुपतं.

आधी जहाजं. इथे सालंच पुरेशी आहेत. या घराचा सर्वांत जुना भाग विल्यम मोरटन याने १५०४ ते १५०८ च्या सुमारास बांधून घेतला. अंगणाकडच्या खिडक्यांवर १५५९ हे साल कोरलेलं आहे, म्हणजे आरमार निघण्याच्या २९ वर्षं आधीचं. शिवाय ती जहाजं फुटली प्रामुख्याने आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर. तिथून ओकच्या तुळया बैलगाड्यांतून चेशरच्या आतल्या भागात कोण आणणार, आणि कशासाठी? ओक आसपासच्या रानातच होता.

तुळयांवर दिसणाऱ्या रिकाम्या खाचा हा ‘जहाजाचा पुरावा’ म्हणून सांगितला जातो. त्या खाचा बहुतेक वेळा आधीच्या एखाद्या घराच्या किंवा त्याच घरात नंतर काढून टाकलेल्या भिंतीच्या असतात. चांगलं लाकूड कोणी फेकत नसे. तुळयांवरचे रोमन आकड्यांसारखे ओरखडेही जहाजाचे नाहीत. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघत, प्रत्येक जोडावर खूण करत, मग तो सोडवून जागेवर उभा करत. कुठला कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, कुठल्या खाचेत जायचा, हे त्या खुणा सांगतात. जहाजाच्या लाकडाची इमारत खरोखर बघायची असेल तर लंडनमधलं लिबर्टीचं दुकान बघावं. ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ या दोन युद्धनौकांचं लाकूड त्यात वापरलं आहे. पण ते बांधलं १९२४ साली, जुन्या घरांची नक्कल म्हणून.

रंगाचं उत्तर लहान आहे. ओकला रंगाची गरज नसते. उघडा ठेवला की तो रुपेरी करडा होतो. पुष्कळ ठिकाणी लाकूड आणि कुडाच्या भिंती यांवर सरसकट चुना फासत, कधी त्यात पिवळी माती मिसळत. लाकडाला डांबर किंवा काळा रंग आणि मधल्या भागाला पांढरा, ही आवड मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. सफोकमधल्या लॅव्हनमला आजही करडा ओक बघायला मिळतो.

आता कर. इंग्लंडमध्ये १६६२ मध्ये चुलींवर कर बसला, १६९६ मध्ये खिडक्यांवर. तळमजल्याच्या क्षेत्रफळावर कर होता, याला आधार नाही. आणि शहरातल्या गल्लीत जागेची ओढाताण होती हे मान्य केलं, तरी चहूकडे स्वतःची शेतं असलेल्या मोरटनांना ती कुठून असणार? मजला पुढे काढण्यात ऐट तर होतीच, पण सुतारकामाचा हिशेबही होता. कडीचं, म्हणजे मजला तोलणाऱ्या आडव्या लाकडाचं, टोक भिंतीबाहेर काढून त्यावर वरची भिंत उभी केली की तिचं वजन टोकाला दाबतं, आणि खोलीच्या मध्यावर कडी कमी लवते. खांबही जमिनीपासून छपरापर्यंत अखंड लागत नाहीत; मजल्यागणिक वेगळे, लहान चालतात. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंनी मजला पुढे यायचा असेल तर कड्यांची दिशा वळवावी लागते. त्यासाठी कर्णरेषेत एक जाड तुळई घालून दोन्हीकडच्या कड्या तिच्यात अडकवत. कर चुकवायला निघालेला माणूस एवढी उस्तवार करत नाही.

आणि वाकडेपणा. हे सुतार ओक ओला असतानाच वापरत, कारण वाळलेला ओक छिन्नीला दाद देत नाही. ओलं लाकूड जागेवर वाळतं, आखडतं, पिळवटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कुसूचं भोक खाचेच्या भोकापासून किंचित सरकवून पाडत. लाकडी खुंटी ठोकली की ती जोड आवळून धरी. खिळ्याची गरज नाही. लिटल मोरटन हॉल वाकला याचं मोठं कारण वेगळं आहे. दक्षिणेकडच्या भागाच्या माथ्यावर सुमारे २१ मीटर लांबीचं दालन चढवलं गेलं, आणि त्यावर जड दगडी फरशांचं छप्पर आलं. तो भार खालच्या सांगाड्याला झेपला नाही. पुढे पोलादी सळया घालून आधार द्यावा लागला. ही भार वाढवण्याची चूक खरी आहे, ती मी झाकत नाही. पण त्या भाराखाली खालचा सांगाडा लवला, पिळला, तरी जोड सुटले नाहीत. चारशेहून अधिक वर्षं ते दालन वरच आहे, आणि लोक त्यातून चालतात.

त्या काळच्या बहुतेक कारागिरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. इथल्या एकाचं मात्र माहीत आहे. १५५९ च्या त्याच खिडक्यांवर मालकाच्या नावाबरोबर आणखी एक ओळ कोरलेली आहे: रिचर्ड डेल, सुतार, याने देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या.